पुस्तकातले सहा ऋतू आणि आपला खानदेश



एप्रिल महिन्यातली गोष्ट. पाचवीच्या मुलांनी 'माझा आवडता ऋतू' हा निबंध लिहून आणला होता. एका मुलीने वसंत ऋतू निवडला होता. 'वसंतात हवा आल्हाददायक असते, मंद वारे वाहतात, कोकीळ गाते.' अक्षर सुंदर, शुद्धलेखन नीट. मी शेरा लिहिला, 'छान'. वही हातात घेताना ती म्हणाली, "मॅडम, चैत्र-वैशाख म्हणजे वसंत ना? मग आता वसंतच चालू आहे का?" बाहेर अकराचं ऊन होतं. पत्रे तापले होते, खिडकीतून झळा येत होत्या. मी म्हटलं, "उद्या सांगते."

त्याच आठवड्यात सकाळच्या शाळेतून घरी जाताना एक मुलगा रस्त्यात चक्कर येऊन बसला. बरोबरच्या पोरांनी सावलीत नेलं, तोंडावर पाणी मारलं, थोड्या वेळाने तो सावरला. त्याच्या खिशात कांदा होता. आईने आठवणीने ठेवला होता, ऊन लागू नये म्हणून. पण सकाळपासून तो काही खाऊन आला नव्हता आणि बाटलीतलं पाणी तसंच होतं.

या दोन गोष्टी एकत्र ठेवल्या तर आपल्या शिकवण्यातली उणीव दिसते. एकीला ऋतू पाठ होता, पण दारात उभा असलेला ऋतू तिला ओळखता येत नव्हता. दुसऱ्याच्या घरी ऋतूची काळजी होती, पण त्यातलं कामाचं काय आणि नुसती समजूत कोणती, हे कोणी सांगितलं नव्हतं. म्हणून आजचा पाठ ऋतुचर्येवर. तो वर्गात घेता येईल आणि घरीही वाचता येईल, अशा बेताने लिहिला आहे.

ऋतुचर्या म्हणजे काय?

ऋतू बदलला की आपलं खाणं, झोप, काम, कपडे हेही त्याप्रमाणे बदलायचं, याला ऋतुचर्या म्हणतात. चरकसंहितेच्या सूत्रस्थानातला सहावा अध्याय याच विषयावर आहे. पुढे वाग्भटाच्या अष्टांगहृदयात तर तिसऱ्या अध्यायाचं नावच 'ऋतुचर्या' आहे.

वर्षाचे दोन भाग मानले आहेत. शिशिर, वसंत आणि ग्रीष्म हा आदानकाळ. आदान म्हणजे घेणं. या काळात सूर्य जमिनीतली ओल आणि माणसाची ताकद ओढून घेतो. वर्षा, शरद आणि हेमंत हा विसर्गकाळ. विसर्ग म्हणजे देणं. या काळात ताकद हळूहळू परत येते. म्हणून ग्रीष्म आणि वर्षा ऋतूत माणूस सर्वांत अशक्त, तर हेमंत आणि शिशिरात सर्वांत दणकट, असा तो हिशेब आहे. भूक आणि पचनही तसंच, थंडीत जोरात आणि पावसाळ्यात मंद.

आणखी एक गोष्ट मुलांना जरूर सांगा, ती म्हणजे ऋतुसंधी. जाणाऱ्या ऋतूचे शेवटचे सात आणि येणाऱ्या ऋतूचे पहिले सात असे हे चौदा दिवस. या काळात जुन्या सवयी एकदम सोडायच्या नाहीत आणि नव्या एकदम धरायच्या नाहीत, थोडं थोडं बदलत जायचं. जूनमध्ये आणि ऑक्टोबरमध्ये हजेरीपटाकडे पाहिलं की याचं महत्त्व कोणत्याही शिक्षकाला पटेल.

वात, पित्त, कफ ही त्या काळची स्पष्टीकरणं आहेत. आजचं विज्ञान शरीराचं काम वेगळ्या शब्दांत सांगतं. मुलांना दोन्ही सांगावं, गल्लत करू नये. पण 'ऋतूप्रमाणे वागा' या सल्ल्यामागे शेकडो वर्षांचं निरीक्षण आहे, हे विसरू नये.

चीनमध्येही हाच विचार

मध्यंतरी पालकांच्या ग्रुपवर चिनी वैद्यकाचा एक ऋतुतक्ता फिरत होता. वसंत म्हणजे यकृत, उन्हाळा म्हणजे हृदय, उन्हाळ्याचा शेवट म्हणजे प्लीहा, शरद म्हणजे फुप्फुस आणि हिवाळा म्हणजे मूत्रपिंड. शरदात हवा कोरडी होते, म्हणून नासपती खा, असं त्यात होतं. एका पालकांनी विचारलं, "मॅडम, पोरांना नासपती सुरू करू का?"

तो तक्ता कुठून आला ते आधी समजून घेऊ. 'हुआंगदी नेइजिंग' हा चीनचा सुमारे दोन हजार वर्षांपूर्वीचा वैद्यकग्रंथ. त्याच्या दुसऱ्या अध्यायात चार ऋतूंत कसं राहावं ते सांगितलं आहे. वसंतात आणि उन्हाळ्यात उशिरा झोपून लवकर उठावं, शरदात लवकर झोपून कोंबड्याबरोबर उठावं आणि हिवाळ्यात लवकर झोपून ऊन वर आल्यावर उठावं. उन्हाळ्याच्या शेवटचा दमट काळ हा पाचवा ऋतू धरून पुढे पाच तत्त्वं, पाच अवयव अशी जोडणी झाली.

चिनी लोकांनी वर्षाचे २४ भागही पाडले आहेत, प्रत्येक साधारण पंधरा दिवसांचा. कधी पेरायचं, कधी कापणी करायची, कधी काय खायचं, हे त्यावरून ठरत आलं. २०१६ मध्ये युनेस्कोने या पद्धतीची नोंद मानवजातीच्या अमूर्त सांस्कृतिक वारशाच्या यादीत केली. हे वाचून आपल्याला आपली नक्षत्रं आठवायला हवीत. मृग, आर्द्रा, पुनर्वसू, पुष्य, आश्लेषा, मघा... सूर्य एका नक्षत्रात तेरा-चौदा दिवस असतो, आणि आपला शेतकरी आजही पावसाचा हिशेब त्यावरच मांडतो. दोन लांबच्या देशांत माणसांनी साधारण पंधरवड्याच्याच मापाने निसर्ग मोजला, ही गोष्ट मुलांना फार आवडते.

पण नासपतीचं काय? त्याच 'नेइजिंग'मध्ये दुसऱ्या एका अध्यायात पूर्व, पश्चिम, उत्तर, दक्षिण आणि मध्य असे पाच प्रदेश सांगितले आहेत. प्रत्येकाची जमीन वेगळी, अन्न वेगळं, आजार वेगळे, म्हणून उपचारही वेगळे, असं तिथे म्हटलं आहे. आपल्याकडे चरकानेही देशाचा विचार केला आहे. कोरडा तो जांगल, पाणथळ तो आनूप आणि मधला तो साधारण. म्हणजे तक्ता जसाच्या तसा उचलू नका, हे दोन्ही परंपरांचे मूळ ग्रंथच सांगतात. चीनमधला कोरडा शरद आणि आपला ऑक्टोबर एक नाही. त्या पालकांना मी म्हटलं, नासपती वाईट नाही, पण ती आणायला धावपळ नको. बाजारात पेरू आणि सीताफळं आली आहेत, ती आपल्या हवेची आहेत.

खानदेशचं घड्याळ वेगळं

आता त्या मुलीच्या प्रश्नाकडे येऊ. पंचांगाप्रमाणे चैत्र-वैशाख वसंत, ज्येष्ठ-आषाढ ग्रीष्म, श्रावण-भाद्रपद वर्षा, आश्विन-कार्तिक शरद, मार्गशीर्ष-पौष हेमंत आणि माघ-फाल्गुन शिशिर.

हे जळगाव-धुळ्यावर ठेवून पाहा. आपला वसंत माघाच्या शेवटी येतो आणि होळीच्या आसपास संपतो. चैत्र-वैशाख हा खरा ग्रीष्म. आणि आषाढात, जो पुस्तकात ग्रीष्म आहे, आपण पेरणी करून पावसाची वाट पाहत असतो.

असं का? नकाशा काढा. उत्तरेला सातपुडा, दक्षिणेला अजिंठ्याचे आणि सातमाळ्याचे डोंगर, मधून पश्चिमेकडे वाहणारी तापी. समुद्र लांब. जळगाव समुद्रसपाटीपासून जेमतेम २०० मीटरवर आहे, त्यामुळे पुण्या-नाशिकला उंचीमुळे मिळणारा गारवा आपल्याला नाही. काळी जमीन उन्हात लवकर तापते. म्हणून मे महिन्यात जळगाव-भुसावळचा पारा ४५ अंशांच्या घरात जातो आणि हिवाळ्यात धुळ्याच्या काही पहाटे १० अंशांच्या खाली उतरतात. एकाच वर्षात एवढा फरक सोसणारा आपला मुलूख आहे.

त्या मुलीला दुसऱ्या दिवशी मी सांगितलं, "पुस्तकातला वसंत खोटा नाही, पण तो आपल्याकडे लवकर येऊन गेला. तू पळस फुललेला पाहिलास ना? तोच आपला वसंत होता." तिने निबंधात पळस घातला. मग मी 'छान'च्या पुढे आणखी एक 'छान' लिहिलं.

उन्हाळा : शरीर म्हणजे माठ

उन्हाळ्याची ऋतुचर्या शिकवायची तर वर्गात एक माठ आणा. माठाला बारीक छिद्रं असतात. त्यातून पाणी झिरपतं, वाफ होतं आणि वाफ होताना आतल्या पाण्याची उष्णता घेऊन जातं. १ ग्रॅम पाण्याची वाफ होताना सुमारे ५८० कॅलरी उष्णता लागते. आपलं शरीर हेच करतं. घाम येतो, वाळतो आणि अंग थंड राहतं.

आता मुलांना विचारा, माठात पाणीच नसेल तर? तो तापेल. खिशात कांदा होता, पण पोटात पाणी नव्हतं, म्हणून चक्कर आली. कांदा खाल्ला तर त्यातलं पाणी तरी पोटात जातं. खिशातला कांदा काहीच करत नाही. आईच्या मायेला नावं ठेवायची नाहीत, फक्त तो कांदा खिशातून काढून भाकरीबरोबर द्यायला सांगायचा आणि सोबत भरलेली बाटली.

ग्रंथांनी उन्हाळ्यात गोड, हलकं, थंड आणि पातळ खायला सांगितलं आहे. दिवसा झोपायची मोकळीक फक्त याच ऋतूत दिली आहे. पानक म्हणजे पन्हं, ते नव्या मातीच्या भांड्यात ठेवून प्यावं, असं अष्टांगहृदयात आहे. आपल्या घरातली कैरीचं पन्हं, ताक, ज्वारीची आंबील ही सगळी याच वाटेने आली आहेत. आखाजीला पितरांच्या नावाने पाण्याने भरलेली घागर ठेवतात, त्यावर आंबा ठेवतात. वैशाखातल्या या सणाच्या मध्यभागी पाणी असावं, यात आपल्या मुलखाचं शहाणपण आहे. आमरस आणि खापरावरची पुरणपोळी खाऊन दुपारी सावलीत झोपायचं, पोरीबाळींनी झाडाच्या सावलीला झोके घ्यायचे, हेही ऋतूला धरूनच आहे.

पण एक जागा अशी आहे की तिथे ग्रंथ डोळसपणे वाचावा लागतो. उन्हाळ्यात खारट, आंबट, तिखट टाळा आणि व्यायाम व ऊन टाळा, असं चरक आणि वाग्भट दोघेही सांगतात. हा सल्ला कोणाला दिला आहे? त्याच वर्णनात थंड घरं आहेत, चंदनाची उटी आहे, पंख्याचा वारा आहे, रात्री चांदण्यात झोपणं आहे. ज्याला दुपारी घरात बसता येतं, त्याच्यासाठी तो ठीक आहे. पण रावेर-यावलच्या बागांत केळीचे घड वाहणारा मजूर, वीटभट्टीवरची बाई, भर दुपारी हातगाडी ढकलणारा बाप ऊन टाळू शकत नाही. त्याच्या घामाबरोबर पाणी जातं आणि मीठही जातं. त्याने मीठ टाळलं तर नुकसान आहे. म्हणूनच आपल्या आजीने पन्ह्यात चिमूटभर मीठ घातलं, ताकात मीठ-जिरं घातलं. ग्रंथापेक्षा आजीचा निर्णय तिच्या घरातल्या कष्टकऱ्यांसाठी बरोबर होता. (ज्यांना रक्तदाब किंवा मूत्रपिंडाचा त्रास आहे, त्यांनी मिठाबद्दल आपल्या डॉक्टरांनाच विचारावं.)

जुलाब-उलट्यांमुळे पाणी गेलं असेल किंवा घामाने फार थकवा आला असेल तर ओआरएसचं पाकीट उत्तम. पाकिटावर लिहिलं असेल तेवढ्याच पाण्यात ते विरघळवायचं, कमी-जास्त नाही. पाकीट नसेल तर १ लिटर स्वच्छ पाण्यात ६ सपाट चमचे साखर आणि अर्धा सपाट चमचा मीठ. चमचा चहाचा. मीठ जास्त झालं तर मुलाला त्रास होतो, म्हणून हे वर्गात मोजून करून दाखवा.

ऊन लागणं आणि उष्माघात

हा भाग शिक्षक आणि पालक दोघांनीही पाठ करावा.

ऊन बाधलं तर डोकं दुखतं, मळमळतं, खूप घाम येतो, पायात गोळे येतात, चक्कर येते. सावलीत न्या, कपडे सैल करा, ओल्या फडक्याने अंग पुसा, घोट घोट पाणी द्या. भाजलेल्या कैरीचा गर तळहाता-तळपायांना चोळायची रीत आपल्याकडे आहे. त्याने बरं वाटत असेल तर चोळा, पण त्यात वेळ घालवू नका.

उष्माघात वेगळा. शरीराचं तापमान ४० अंश सेल्सिअस किंवा त्याहून वर जातं आणि मूल असंबद्ध बोलतं, ओळख देत नाही, झटके येतात किंवा शुद्ध हरपते. घाम येत असेल किंवा नसेलही. ही जिवावरची वेळ आहे. १०८ ला फोन करा आणि गाडी येईपर्यंत थांबू नका. अंगावर भरपूर पाणी ओता, वारा घाला, मान, काखा आणि जांघेत बर्फ किंवा गार पाण्याची फडकी ठेवा. बेशुद्ध मुलाच्या तोंडात पाणी, पन्हं, कांद्याचा रस असं काहीही घालू नका, ते श्वासनलिकेत जातं. तापाच्या गोळीने हा ताप उतरत नाही.

हवामान खात्याच्या निकषाप्रमाणे सपाट प्रदेशात पारा ४० अंशांवर आणि नेहमीपेक्षा किमान साडेचार अंशांनी जास्त असेल तर उष्णतेची लाट धरतात. पारा ४५ ला गेला तर लाटच आणि ४७ ला तीव्र लाट. २०१० च्या लाटेत अहमदाबादेत फार माणसं दगावली. त्यानंतर २०१३ मध्ये त्या शहराने देशातला पहिला उष्णता कृती आराखडा केला. आधी सूचना, पाण्याची सोय, दवाखान्यांची तयारी. मोठ्या शहराने जे केलं ते शाळेच्या पातळीवर आपणही करू शकतो. तासाला एकदा पाण्याची घंटा, कवायत सूर्य वर येण्याआधी, घरी जाताना डोक्याला रुमाल आणि भरलेली बाटली.

पावसाळा : माठ थंड होत नाही तेव्हा

२५ मेच्या सुमारास सूर्य रोहिणीत येतो, तिथून नवतपा. ७-८ जूनला मृग. पहिल्या पावसानंतर पारा उतरतो, तरी जिवाची तगमग वाढते. का? तोच माठ दाखवा. हवा दमट झाली की पाणी वाफ होत नाही, माठ गार होत नाही, घरातला कूलर नुसता चिकचिक करतो. घामही वाळत नाही. म्हणजे ३८ अंशांचा दमट जून कधी कधी ४३ अंशांच्या कोरड्या मेपेक्षा जड जातो. विदर्भात उन्हामुळे शाळा जूनअखेर उघडतात. आपल्याकडे जूनच्या मध्यालाच घंटा होते. नेमके ऋतुसंधीचे दिवस. पहिल्या आठवड्यात मैदानावरचा तास हलका ठेवा, एवढं तरी आपल्या हातात आहे.

पावसाळ्यात पचन मंद असतं, पाणी उकळून प्यावं, नदीचं पाणी टाळावं, असं ग्रंथ सांगतात. गढूळ पाण्यातून कावीळ, टायफॉईड, जुलाब पसरतात हे आज आपल्याला कारणासह माहीत आहे, आणि उपाय तोच, पाणी उकळा. श्रावणातले उपास आणि एक वेळचं जेवण हे मंद भुकेला धरून आहेत, पण साबुदाणा आणि तळलेल्या पदार्थांनी पोट भरलं तर त्यातला अर्थ निघून जातो. वाढत्या वयाच्या मुलांना उपासाची सक्ती नकोच. आणि घराभोवतीचं साचलेलं पाणी आठवड्यातून एकदा उपसा, डासांचा बंदोबस्त ही आजच्या काळातली ऋतुचर्या आहे.

ऑक्टोबरचं ऊन आणि कोजागरीचं दूध

पाऊस गेला, ढग फाटले की ऊन परत येतं. ग्रंथ म्हणतात, शरदात पित्त वाढतं. म्हणून कडू, तुरट, गोड खावं, मूग, आवळा घ्यावा आणि संध्याकाळी चांदण्यात बसावं. आपल्याकडे भाद्रपद पौर्णिमेपासून कोजागरीपर्यंत पोरी भुलाबाईची गाणी म्हणतात आणि शेवटच्या रात्री चांदण्यात आटीव दूध होतं. सण म्हणून हे सगळ्यांना माहीत आहे. सण आणि ऋतुचर्या शेजारी शेजारी ठेवून दाखवली की मुलांचे डोळे चमकतात.

शेतात याच दिवसांत कापूस वेचणी सुरू होते. अनेक मुलं सुटीत आईबरोबर शेतात जातात. उन्हाळा संपला म्हणून पाण्याची बाटली विसरू नका, एवढं त्यांना सांगा.

हिवाळा : भरीत आणि कळणा

हेमंतात रात्र मोठी असते, त्यामुळे सकाळी उठताच भूक लागते. पचन जोरात असतं, म्हणून उडीद, गहू, दूध, उसाचे पदार्थ खा, अंगाला तेल लावा, असं वाग्भट सांगतो. आता आपल्या स्वयंपाकघरात या. ज्वारीत उडीद घालून दळलेला कळणा, त्याची गरम भाकरी किंवा पुरी, आणि वर वांग्याचं भरीत. जळगावच्या भरिताच्या वांग्याला २०१६ मध्ये भौगोलिक मानांकन मिळालं आहे. बामणोदचं वांगं तर सगळ्यांच्या ओळखीचं. कपाशीच्या वाळलेल्या काड्यांवर वांगी भाजायची, हिरवी मिरची, लसूण, कांद्याची पात, शेंगदाणे घालून शेतात पंगत बसवायची.

यात विज्ञानही आहे. ज्वारीच्या प्रथिनात लायसिन कमी असतं, ते उडदात भरपूर. उडदात कमी पडणारं मेथिओनिन ज्वारी देते. दोन्ही एकत्र आले की प्रथिन पूर्ण होतं. आजीला लायसिन माहीत नव्हतं, पण हिवाळ्यात कळणा अंगी लागतो हे माहीत होतं.

पुष्कळ घरी चातुर्मासात वांगं खात नाहीत आणि चंपाषष्ठीला खंडोबाला भरीत-रोडग्याचा नैवेद्य दाखवून मगच खातात. म्हणजे वांग्याचा हंगाम भरात येईपर्यंत थांबायचं. पुढे भोगीला तीळ लावलेली बाजरीची भाकरी आणि मिसळीची भाजी, संक्रांतीला तिळगूळ. थंडीत लागणारं तेल आणि ऊब आपल्याला सणांनीच वाढून ठेवली आहे.

थंडीत मुलं पाणी कमी पितात, तिकडे लक्ष ठेवा. 'केळ्याने सर्दी होते' म्हणून आपल्याच जिल्ह्यातलं केळं डब्यातून काढून टाकू नका. सर्दी विषाणूने होते. आणि बंद खोलीत शेगडी पेटवून झोपू नका, त्या धुराने जीव जातो.

वर्गात काय करता येईल?

१. माठाची नोंदवही. दर महिन्याच्या पहिल्या सोमवारी दुपारी बारा वाजता वर्गातली हवा आणि माठातलं पाणी यांचं तापमान मोजा. दोन्हींतला फरक लिहा. वर्षाच्या शेवटी आलेख काढा. मे महिन्याची नोंद सुटीत एखाद्या घरच्या माठावर घ्या. फरक केव्हा जास्त आणि केव्हा कमी, याचं कारण मुलांनाच शोधू द्या.

२. आपला ऋतुतक्ता. पळस कधी फुलला, निंबाला मोहोर कधी आला, पहिली कैरी, पहिला पाऊस, पहिलं धुकं, पहिली वांगी. तारीख लिहा. तीन वर्षांत तुमच्या गावाचं स्वतःचं ऋतुपंचांग तयार होईल.

३. आजीला विचारा. 'या ऋतूत तुम्ही काय खायचात, काय टाळायचात आणि का?' उत्तरं अहिराणीत, लेवा बोलीत किंवा पावरीत आली तर तशीच लिहून आणा.

४. तीन रकाने. जमलेली माहिती 'कारण सापडलं', 'कारण शोधतोय' आणि 'नुसती समजूत' अशा तीन रकान्यांत मांडा. घागर, कळणा, खिशातला कांदा, केळं आणि सर्दी... वर्गात छान वाद होतो. कोणाच्या घरच्या रीतीची टिंगल होणार नाही, हे मात्र आपण पाहायचं.

५. उष्माघाताची रंगीत तालीम. मार्च महिन्यात, ऊन चढायच्या आधी. फोन कोण करणार, पाणी कोण आणणार, गर्दी कोण हटवणार, हे ठरवून करून पाहा.

विचार करा

१) तुमच्या गावात वसंत कोणत्या आठवड्यात येतो? कशावरून म्हणता?
२) दमट दिवशी कूलर का चालत नाही? त्याच दिवशी शरीराला काय होतं?
३) 'उन्हाळ्यात मीठ टाळा' हा सल्ला कोणाला लागू आहे आणि कोणाला नाही?
४) दुसऱ्या देशातला ऋतुतक्ता वापरण्याआधी कोणते प्रश्न विचाराल?

चक्कर आलेला तो मुलगा आता सातवीत आहे. मागच्या उन्हाळ्यात पाण्याची घंटा देण्याचं काम त्यानेच मागून घेतलं. घंटा झाली की तो वर्गावर्गातून फिरतो आणि प्रत्येकाची बाटली उचलून पाहतो. भरलेली दिसली की म्हणतो, "पी आधी. माठ रिकामा नको." आजचा पाठ त्याने माझ्यापेक्षा थोडक्यात सांगितला आहे.

तुमच्या वर्गात यातला कोणता उपक्रम घेतला, काय नोंदी मिळाल्या, ते जरूर कळवा. धुळ्याचा माठ आणि जळगावचा माठ शेजारी ठेवून पाहू.